साचा आणि अलंकार : सचेतन लघुपटांच्या दृश्यरचनेविषयी

१

'अ‍ॅनिमेशन'साठी मराठीत 'सचेतनीकरण' ही संज्ञा वापरली जाते. निर्जीव रेषेत चेतना भरणे, असा तिचा अर्थ. संज्ञा सुटसुटीत असली तरी तिच्यामुळे एक गैरसमज पक्का होतो. चेतना रेषेत बाहेरून येते, कथा ती पुरवते आणि चित्र ती केवळ धारण करते, असे तिच्यातून सूचित होते. सचेतन लघुपटांविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यावर या गैरसमजाची छाया दिसते. लघुपटाची गोष्ट सांगितली जाते, तिचे तात्पर्य काढले जाते, आणि शेवटी 'चित्रे आकर्षक आहेत' किंवा 'रंगसंगती मनोहर आहे' असे एखादे वाक्य जोडले जाते. रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश आणि लय हे दृश्यघटक अशा रीतीने विशेषणांपुरते उरतात.

चित्रपटाचे रूप काळजीपूर्वक वाचण्याची परंपरा मराठीत नाही, असे मुळीच नाही. अरुण खोपकर यांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) हे पुस्तक प्रकाश, छाया, कॅमेऱ्याची हालचाल आणि गीतांचे चित्रण यांच्या आधारे आशयापर्यंत कसे पोहोचता येते याचा वस्तुपाठच आहे. मात्र ही दृष्टी प्रामुख्याने पूर्ण लांबीच्या कथापटाकडे वळलेली आहे. पाच ते पंधरा मिनिटांचा सचेतन लघुपट अद्यापही 'मुलांसाठी' किंवा 'प्रबोधनासाठी' या खात्यांत टाकला जातो, आणि मग त्याच्या रूपाचा विचार अनावश्यक ठरतो.

वस्तुतः सचेतनपट हा असा चित्रप्रकार आहे की ज्यात योगायोगाने काहीच येत नाही. कथापटाच्या चौकटीत एखादे झाड कॅमेऱ्यासमोर होते म्हणून येऊ शकते. सचेतनपटातील झाड कोणीतरी ठरवून काढलेले असते. त्याचे पान गोल की टोकदार, त्याची बाह्यरेषा जाड की बारीक, त्याला सावली आहे की नाही, हा प्रत्येक निर्णय असतो. जेथे सर्व काही निर्णयाने येते तेथे दृश्यरचनेला सजावट म्हणणे ही समीक्षेची सोय झाली, समीक्षा झाली नाही. दृश्यरचना शब्दांचा अर्थ अधिक गडद करते, कधी त्याला मुरड घालते, तर कधी त्याच्या विरोधात उभी राहते. या तिन्ही शक्यता मुंबईत घडलेल्या किंवा मुंबईच्या वातावरणात वाढलेल्या कलावंतांच्या दोन लघुपटांच्या आधारे तपासून पाहणे येथे अभिप्रेत आहे. 'एक, अनेक और एकता' (१९७४) आणि 'प्रिंटेड रेनबो' (२००६) हे ते दोन लघुपट होत.

२

या विवेचनासाठी दोन संकल्पना उपयोगी पडतात : साचा आणि अलंकार. दोन्ही शब्द मराठी समीक्षेला परिचित आहेत, पण दोन्हींवर अन्याय झालेला आहे. 'साचेबंद' हा निंदाव्यंजक शब्द झाला आणि 'अलंकारिक' हाही जवळजवळ तसाच. त्यांचा मूळ व्यवहार समजून घेण्यासाठी धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातील दोन दृश्यपरंपरांकडे पाहता येईल.

पहिली परंपरा तेरची. पेरिप्लसमध्ये 'तगर' म्हणून उल्लेखिलेल्या या प्राचीन व्यापारी नगरात सातवाहनकालीन मृण्मूर्ती मोठ्या संख्येने सापडल्या. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या पाहता येतात. त्यांतील केओलिनच्या मूर्ती दुहेरी साच्यात घडवलेल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, पाठीमागचा दुसऱ्यात, आणि दोन्ही जोडून आतून पोकळ अशी मूर्ती तयार होते. एका साच्यातून कितीही मूर्ती निघू शकतात. चेहरा, केशरचना, दागिने हे सारे साच्यात आधीच ठरलेले असते. येथे 'अनेक' हे 'एका'च्या प्रतींनी बनते.

दुसरी परंपरा तुळजापूरची. शारदीय नवरात्रात तुळजाभवानीच्या मूर्तीच्या अलंकारपूजा बांधल्या जातात : रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी अलंकार, भवानी तलवार अलंकार आणि महिषासुरमर्दिनी अलंकार. मूर्ती तीच, तथापि वस्त्रे, आयुधे आणि भोवतीची मांडणी पालटल्यामुळे ती दिवसागणिक वेगळ्या प्रसंगात उभी राहते. काल रथात असलेली देवी आज मुरली धारण करते. या दोन रूपांमध्ये घडले काय, ते कोणी दाखवत नाही. ते पाहणाऱ्याच्या मनात, आधी ऐकलेल्या कथांच्या साहाय्याने, भरून निघते. येथे 'अनेक' हे 'एका'च्या प्रतींनी बनत नाही. एकच वस्तू भिन्न होत जाते आणि भिन्न होऊनही ओळखू येते.

या उपासनेला सचेतनपटाचे पूर्वरूप ठरवण्याचा येथे हेतू नाही. उपासनेचे प्रयोजन वेगळे, चित्रपटाचे वेगळे. पाहण्याच्या सवयीपुरताच हा मुद्दा आहे. स्थिर रूपांची मालिका पाहून त्यांमधील गती मनात घडवण्याची सवय या प्रदेशाच्या डोळ्याला नवी नाही. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी किंवा पैठणशैली म्हणून ओळखली जाणारी चित्रे यांतही हेच घडते. कथेकरी एक चित्र बाजूला करून दुसरे पुढे आणतो, आणि दोन चित्रांमधील रिकामी जागा त्याच्या आवाजाने व श्रोत्याच्या कल्पनेने भरली जाते. कॅनडातील थोर सचेतनपटकार नॉर्मन मॅक्लारेन यांनी चित्रापेक्षा दोन चित्रांमध्ये जे घडते त्याला अधिक महत्त्व दिले होते. त्यांच्या या विचाराशी आपल्याकडील प्रेक्षक व्यवहाराने पूर्वीच परिचित होता, असे म्हणता येते.

'अलंकार' या शब्दाची व्युत्पत्तीही येथे सहायक ठरते. 'अलम्' म्हणजे पुरेसे. अलंकार म्हणजे पुरेसे करणे. वामनाने सौंदर्यालाच अलंकार म्हटले, तेव्हा त्याला वरून चिकटवलेला दागिना अभिप्रेत नव्हता. रूप पूर्णत्वाला नेणारे जे काही, ते अलंकार. या अर्थाने घेतले तर साचा आणि अलंकार हे परस्परविरोधी राहत नाहीत. साचा पुनरावृत्तीची हमी देतो. अलंकार त्या पुनरावृत्तीत भेद निर्माण करतो. सचेतनपट या दोन्हींवाचून उभा राहू शकत नाही.

३

सचेतनपटाच्या कारागिरीतच साचा दडलेला आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. प्रत्येक रेखाटन दोन चौकटींसाठी वापरले तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० रेखाटने लागतात. हे श्रम आवाक्यात आणण्यासाठी पारदर्शक सेलचे तंत्र आले. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची, हलणारी आकृती तेवढी वेगळ्या पारदर्शक पत्र्यावर काढायची. त्यापुढची पायरी म्हणजे आवर्तन : चालण्याची किंवा पंख हलवण्याची मोजकी रेखाटने करून तीच पुनःपुन्हा वापरायची. पात्र सर्व चित्रकारांच्या हातून सारखेच उतरावे म्हणून त्याचा नमुना-तक्ता करायचा. ही सारी साच्याचीच रूपे होत.

महाराष्ट्रातील या प्रकाराचा आरंभही साच्यातून निघालेल्या वस्तूनेच व्हावा, हे लक्षणीय आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. त्यापूर्वी फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी काड्यांना असेच चालते-बोलते केले होते. फाळक्यांचा लघुपट आज उपलब्ध नाही; पण त्यामागील तत्त्व स्पष्ट आहे. एक काडी दुसरीसारखीच असते. तिला चेहरा नाही, पोशाख नाही. तिची जागा बदलली की आकृती बदलते. म्हणजे अर्थ वस्तूत नसून मांडणीत असतो, हे या माध्यमाने आपल्या पहिल्याच पावलाला दाखवून दिले.

त्यानंतर 'प्रभात'चा 'जंबूकाका' (१९३४) आला. पुढे १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग सुरू झाला. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील चित्रकारांना प्रशिक्षण दिले आणि जातककथेवर आधारलेला 'द बन्यन डिअर' (१९५७) तयार झाला. डिस्नेची रीत गोलाईची आणि लवचिकतेची. तिच्यात आकृतीला वजन असते, ती दबते, ताणली जाते, आणि हे सर्व गुळगुळीत होण्यासाठी अफाट मनुष्यबळ लागते. सरकारी विभागाच्या अंदाजपत्रकात ते बसणारे नव्हते. त्याच सुमारास अमेरिकेतील यूपीए आणि युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथील चित्रकारांनी सपाट आकार, थोडी रेखाटने आणि मोकळी पार्श्वभूमी यांची स्वतंत्र शैली घडवली होती. राम मोहन, प्रमोद पती, भीमसैन यांच्या पिढीला ही वाट जवळची वाटली. टंचाईने सुचवलेली ही शैली पुढे टंचाईची खूण राहिली नाही, ती भाषा झाली. तिचे व्याकरण कोणते आणि त्या व्याकरणाने कोणता अर्थ शक्य किंवा अशक्य केला, हे पाहिल्याशिवाय त्या लघुपटांचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

४

मराठी सौंदर्यविचारात या प्रश्नाला भिडणारे साधन मर्ढेकरांनी दिले आहे. 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये त्यांनी मांडलेले लयतत्त्व, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांनी इंद्रियसंवेदनांची होणारी संघटना, सचेतनपटाला जितके सहज लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कलेला पडत असेल. आकाराला आकार मिळतो, रंगाला रंग छेदतो, आणि काळाच्या ओघात त्यांचा तोल साधला जातो. चित्रकलेत ही लय अवकाशात असते, संगीतात काळात. सचेतनपटात ती दोन्हींत एकाच वेळी असते.

या सिद्धान्ताची जणू प्रयोगशाळेतील कसोटी वाटावी असा लघुपट मुंबईतच झाला. अकबर पदमसी यांनी नेहरू अधिछात्रवृत्तीच्या काळात, १९६९-७०च्या सुमारास, 'सिझिजी' केला. बिंदू, रेषा आणि भूमितीय रचना यांखेरीज त्यात काही नाही. कथा नाही, पात्र नाही, ध्वनीही नाही. पदमसींच्या रेखाटनांना गती देण्याचे काम राम मोहन यांनी केले. रेषा एकमेकींना भेटतात, दुरावतात, पुन्हा एका ओळीत येतात. येथे लयसंबंध हाच आशय आहे, असे मर्ढेकरांच्या परिभाषेत निःशंकपणे म्हणता येते.

परंतु याच ठिकाणी त्या परिभाषेची मर्यादाही दिसते. 'सिझिजी'तील बिंदू कोणाचा नसतो. लघुपटात पाखरू, पारध्याचे जाळे किंवा काडेपेटीवरचे चित्र आले की त्या आकाराबरोबर एक स्मृती येते. तो आकार कोठून आला, कोणाच्या हाताळणीतून आला, त्याचा वापर कोण कशासाठी करत असे, हे प्रश्न लयसंबंधांच्या कक्षेबाहेर राहतात. दृश्यघटक ही संवेदना आहे तशीच ती चिन्हही आहे. या दोन बाजूंपैकी एकच धरली तर वाचन अपुरे राहते; पुढील दोन लघुपट त्याची साक्ष देतात.

५

'एक, अनेक और एकता' हा सुमारे सात मिनिटांचा लघुपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला. त्याचे चित्रांकन आणि सचेतनीकरण भीमसैन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. दूरदर्शनवरून तो वर्षानुवर्षे दाखवला गेला आणि एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात राहिला. त्याची मांडणी सरळ आहे. धाकटा भाऊ ताईला 'अनेक' म्हणजे काय ते विचारतो. सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक, अशा उदाहरणांनी ती ते समजावते. मग पाखरांची गोष्ट येते. दाणे टिपायला आलेली पाखरे जाळ्यात अडकतात, एकदम जोर लावून जाळ्यासकट उडतात, आणि उंदीर जाळे कुरतडून त्यांना सोडवतात. शेवटी मुले त्याच तत्त्वावर झाडाचे आंबे उतरवायला निघतात आणि देशातील विविधतेतील एकतेचे गाणे येते.

शब्दांच्या पातळीवर येथे तीन पदे आहेत : एक, अनेक आणि एकता. तिसरे पद पहिल्यापेक्षा वेगळे आहे. एकता म्हणजे पुन्हा 'एक' होणे नव्हे, हे शीर्षकाच्या रचनेतच गृहीत आहे. प्रश्न असा की, हा भेद दृश्यरचनेत उतरतो काय? लघुपटाची शैली मोजक्या रेषांची आणि सपाट रंगांची. 'एक' दाखवताना एक पाखरू येते. 'अनेक' दाखवताना त्याच्यासारखी पाखरे वाढत जातात. आवर्तनाच्या तंत्रात हे स्वाभाविकच आहे. परिणामी पडद्यावरील 'अनेक' हे 'एका'चा गुणाकार होते. भिन्नांनी एकत्र येणे हा गाण्याचा दावा आहे. चित्र मात्र समानांनी एकत्र येणे दाखवते.

मूळ कथेशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. पंचतंत्राच्या 'मित्रसंप्राप्ती'त ही गोष्ट कबुतरांच्या राजाची आहे. त्याचे नाव चित्रग्रीव, म्हणजे ज्याची मान चित्रविचित्र रंगांची आहे असा. नावातच त्याची दृश्य ओळख आहे. त्याचा मित्र हिरण्यक उंदीर प्रथम त्याचे पाश तोडू पाहतो, तेव्हा तो आधी इतरांना सोडवण्याचा आग्रह धरतो. येथे कळपात एक वेगळा आहे, आणि त्या वेगळेपणातून जबाबदारी निर्माण होते. लघुपटाने नाव काढून टाकले, राजा काढून टाकला. चित्रग्रीवाची रंगीत मान सपाट रंगात विरघळली.

हे केवळ उणेपण मानणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या समाजात नाव सांगताच जात कळते, पोशाखावरून आणि बोलीवरून माणसाची जागा ठरते, तेथे नाव नसलेले आणि खूण नसलेले पाखरू हे समतेचे आश्वासन असू शकते. साच्यातून निघालेल्या आकृतीला कुळ नसते. जाळ्यासकट उडणाऱ्या थव्यात पुढचे कोण आणि मागचे कोण, याने काही बिघडत नाही. १९७४ सालच्या महाराष्ट्रात, दलित पँथरच्या स्थापनेनंतर अवघ्या दोन वर्षांनी, हे आश्वासन पोकळ होते की मोलाचे, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु ते आश्वासन गाण्यापेक्षाही आकारांच्या सारखेपणातून व्यक्त होते, हे नाकारता येत नाही. राजा गाळण्याचा निर्णय लोकशाहीचा. वेगळेपण गाळण्याचा निर्णय साच्याचा. दोन्ही निर्णय एकाच रेषेने घेतले, ही या लघुपटाची शक्ती आहे आणि गुंतागुंतही.

येथे प्रक्षेपणाच्या इतिहासाचाही विचार करावा लागतो. लघुपट रंगीत आहे. दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते १९८२ मध्ये, आणि त्यानंतरही बराच काळ लहान गावांतील बहुसंख्य संच कृष्णधवलच होते. पुढे लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वाढले तसे मराठवाड्यातील तालुक्यांच्या ठिकाणीही दूरदर्शन पोहोचले. अनेक घरांत ते करड्या पडद्यावरच पोहोचले. म्हणजे रंग, रूप, वेश यांच्या भिन्नतेचा गौरव कानावर पडत असताना डोळ्यांसमोर करड्या छटांचे सारखे आकार होते. विविधतेचा जो काही भाग रंगाने सांभाळला होता तोही संचापाशी गळून पडला. दृश्यघटक हा कलावंताच्या मेजावर पूर्ण होत नाही, तो प्रेक्षकाच्या घरात पूर्ण होतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

तरीही लघुपटातच साच्याला छेद देणारी एक जागा आहे. आंबे उतरवण्यासाठी एकी पुरत नाही, युक्तीही लागते, असे तेथे सुचवले जाते. पाखरांना सर्वांनी एकच कृती एकाच वेळी करणे पुरेसे होते. मुलांना मात्र विचार करावा लागतो. पाखरांकडून मुलांकडे येताना 'एकता'चा अर्थ संख्येकडून रचनेकडे सरकतो. हा अर्थ फुलायला लघुपटाने फारसा अवधी दिलेला नाही. लगेच गाणे सुरू होते आणि हार गुंफला जातो. पण तो अंकुर तेथे आहे.

६

गीतांजली राव यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयातले. 'प्रिंटेड रेनबो' हा त्यांचा पंधरा मिनिटांचा लघुपट २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि पुरस्कृत झाला. त्यातील चित्रे त्यांनी स्वतःच, चौकटीमागून चौकट, रंगवलेली आहेत. लघुपटात संवाद नाही. महानगरातील एका सदनिकेत एक वृद्ध स्त्री आणि तिचे मांजर राहतात. तिच्याकडे काडेपेट्यांचा संग्रह आहे. एकेका पेटीवरील चित्रातून ती त्या चित्राच्या जगात शिरते. सदनिकेतील जग करडे, पेटीतील जग रंगीत.

फाळक्यांनी काडी घेतली होती; येथे पेटी, आणि तिच्यावरची छाप. मराठीत 'छाप' या शब्दाला दोन अर्थ आहेत : ठसा आणि मालाची खूण. घोडा छाप, जहाज छाप असे म्हणून गिऱ्हाईक काडेपेटी मागत असे. अक्षर न येणाऱ्यालाही आपली पेटी ओळखता यावी, ही त्या चित्राची कामगिरी. निवडणूक चिन्हे रूढ होण्याच्या आधीपासून छाप ही निरक्षर समाजाची वाचनसामग्री होती. ती स्वस्त छपाईत लाखोंनी निघे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर चोख न बसल्याने कडेला थोडे सांडलेले असत. काडी संपली की चित्र फेकले जाई. साच्यातून निघालेली याहून क्षुद्र वस्तू शोधून सापडणार नाही.

लघुपटाची दृश्यरचना या वस्तूवर दोन प्रक्रिया करते. पहिली प्रमाणाची. बोटभर चित्र पडदाभर होते. जे एका दृष्टिक्षेपात संपत असे त्यात आता वावरता येते. सपाट छापेला खोली मिळते, म्हणजे अवकाश मिळतो. दुसरी प्रक्रिया हाताची. यंत्राने छापलेले चित्र येथे पुन्हा हाताने रंगवले जाते, तेही प्रत्येक चौकटीत नव्याने. हाताने रंगवलेल्या दोन चौकटींचे पोत तंतोतंत जुळत नाहीत. नमुना-तक्त्याच्या शिस्तीत जो दोष मानला जाईल तो येथे जिवंतपणा ठरतो. साच्यातून निघालेली प्रत अशा रीतीने एकमेव होते. 'छापील इंद्रधनुष्य' या शीर्षकात हाच विरोधलय आहे. जे छापता येते आणि जे कोणत्याच साच्यात धरता येत नाही, ती दोन्ही पदे शेजारी ठेवली आहेत.

'एक, अनेक और एकता'शी या लघुपटाचे नाते आरशातील प्रतिमेसारखे आहे. तेथे रंगीत चित्र संचाच्या दारिद्र्यामुळे करडे झाले. येथे करडेपणा हा कलावंताचा निर्णय आहे. तेथे अनेकांनी एक व्हावे असा उपदेश. येथे एकटेपण हेच वास्तव आहे, आणि एकट्या स्त्रीची अनेक रूपे होतात. ही स्त्री प्रत्येक पेटीत वेगळ्या प्रसंगात उभी राहते आणि तरी तीच राहते. तुळजापूरच्या अलंकारपूजेची रचना ध्यानात घेतली तर हा व्यवहार परिचित वाटेल. भेद आहे तो असा की, तेथे रूप पालटणाऱ्या देवीभोवती भक्तांचा समुदाय असतो. सदनिकेतील स्त्रीचे रूपांतर पाहायला मांजराखेरीज कोणी नाही. संवादाचा अभाव येथे शैलीचा हट्ट राहत नाही. बोलायला माणूस नाही, हा आशय ध्वनीच्या रचनेतूनही व्यक्त होतो.

या लघुपटालाही स्वतःचा साचा आहे, हे सांगणे आवश्यक आहे. वास्तव करडे आणि स्वप्न रंगीत ही योजना 'द विझर्ड ऑफ ओझ' (१९३९) पासून रूढ झालेली. तिच्यात वास्तवाला रंग नसतो असे गृहीतक आहे, आणि ते तपासले जात नाही. शिवाय काडेपेटीचे चित्र जसे विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या स्मृतीचे, तसे ते बनवणाऱ्यांच्या श्रमाचेही चिन्ह आहे. शिवकाशीच्या काडेपेटी कारखान्यांतील बालमजुरीवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिला. पेटीवरील झळझळीत रंग त्या हातांविषयी काही बोलत नाही, आणि लघुपटही बोलत नाही. नायिकेच्या एकाकीपणाला मुक्तीचे दार सापडते ते ज्या वस्तूत, ती वस्तू दुसऱ्या कोणाच्या बंदिवासातून आलेली असू शकते. लघुपटाच्या मूल्याला यामुळे बाध येत नाही; परंतु केवळ लयसंबंधांवर थांबणारे वाचन हा प्रश्न विचारूच शकत नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. उलट, केवळ या प्रश्नावर थांबणाऱ्या वाचनाला पोताचा तो थरार दिसणार नाही, ज्यामुळे फेकून द्यायची वस्तू पाहण्याजोगी होते.

७

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. सचेतन लघुपटात आशय शब्दांत आणि सौंदर्य चित्रांत अशी वाटणी करता येत नाही. 'एक, अनेक और एकता'चे गाणे आणि त्याचे आकार 'अनेक' या शब्दाचे दोन भिन्न अर्थ सांगतात. त्या दोहोंमधील तणाव हाच त्या लघुपटाचा खरा आशय होय. केवळ तात्पर्य काढणाऱ्याला त्यात निव्वळ उपदेश दिसेल, आणि केवळ राजकीय टीका करणाऱ्याला निव्वळ एकसाचीकरण. 'प्रिंटेड रेनबो'त शब्दच नसल्यामुळे रंग आणि पोत यांनाच विधान करावे लागते, आणि ते विधान साच्याच्या विरोधात असूनही साच्यातून निघालेल्या वस्तूच्याच आधाराने केले जाते.

दुसरा निष्कर्ष पद्धतीविषयी आहे. दृश्यघटक एकाच वेळी लय म्हणून आणि चिन्ह म्हणून वाचावा लागतो. मर्ढेकरांचे लयतत्त्व पहिल्या वाचनाची शिस्त देते. दुसऱ्या वाचनासाठी आकाराचा सामाजिक इतिहास, म्हणजे छापेचा, साच्याचा, प्रक्षेपणाचा आणि श्रमाचा इतिहास, सोबत घ्यावा लागतो. मराठवाड्यातील अभ्यासकाला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. तेरच्या मृण्मूर्तींत पुनरावृत्तीचे शास्त्र आहे आणि तुळजापूरच्या अलंकारांत भेदाचे. हे दोन्ही डोळ्यांखालून गेलेले असताना सचेतनपट पाहताना तेवढे गोष्टीपाशी थांबावे, याला कारण नाही.

'एक' आणि 'अनेक' यांचा संबंध हा केवळ दृश्यरचनेचा प्रश्न नाही. मराठी, कानडी, उर्दू आणि दखनी यांच्या सरमिसळीत घडलेल्या, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या जिल्ह्यात तो रोजच्या जगण्याचाही प्रश्न आहे. भिन्न असलेल्यांनी एकत्र येण्यासाठी सारखे व्हावे लागते काय? घोषणा या प्रश्नाचे उत्तर चटकन देतात. पाखराचा एक आकार किती वेळा गिरवावा आणि प्रत्येक वेळी त्यात काय बदलू द्यावे, हे ठरवणाऱ्या चित्रकाराला मात्र ते उत्तर एकेका रेखाटनात शोधावे लागते.